मधला माईक

१

दुपारी सगळं घर आडवं झालं की शिवप्रिया लेकीची परीक्षा घ्यायची.

नीलू फरशीवर ठोकळे मांडत बसलेली असायची. शिवप्रिया चोरपावलांनी तिच्या मागं जायची आणि स्टीलच्या ताटलीवर चमचा हाणायची. ठण्ण! खिडकीतली चिमणी उडायची. आतल्या खोलीतून सासूबाई, प्रेमाबाई, "कोन आलंय गं?" म्हणून कूस बदलायच्या. आणि नीलू ठोकळ्यावर ठोकळा ठेवायची. मान वळवायची नाही.

दीड वर्षाची पोर. आई नाही, पप्पा नाही, काऊ नाही. सोलापूरच्या कानाच्या डॉक्टरांनी तिला झोपवून, डोक्याला वायरी लावून तपासलं होतं आणि कान ठणठणीत आहेत म्हणून सांगितलं होतं. "एकेक पोर उशिरा बोलतं. तुम्हीच मोबाईलवर जरा कमी वाचा," असंही ते म्हणाले होते. शिवप्रियाला ते पटलं होतं. उमरग्याला घरी पोचेपर्यंत पटलेलं होतं. ती केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली, त्यामुळं काळजीही पद्धतशीर करायची. आधी निरीक्षण, मग तर्क, मग अनुमान आणि शेवटी बाथरूमचा नळ सोडून रडणं.

एक गोष्ट मात्र तिच्या कुठल्याच तर्कात बसत नव्हती. बारशाच्या दिवशी बाळाच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगायचा मान आत्याचा. विरेशची सख्खी बहीण मंजुषा लग्नाआधीच वारलेली. अचानक हृदय बंद पडून, असं शिवप्रियाला स्थळ आलं तेव्हाच सांगितलं होतं. म्हणून मान मिळाला लातूरच्या एका चुलत नणंदेला. ती पाळण्यात वाकली आणि तशीच दचकून सरळ झाली.

"अगं, मी अजून कायबी बोलले न्हाय," ती म्हणाली, "आन् ही आधीच हसाय लागली. कुणीतरी आधीच कानात सांगून गेल्यावानी."

बायका खळखळून हसल्या होत्या. प्रेमाबाई तेवढ्या हसल्या नव्हत्या. त्यांनी गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं होतं.

२

त्यांचं घर हायवेला लागून. पुढं विरेशचं तूर-हरभऱ्याचं अडत दुकान, मधे राहतं घर, मागं अंगण आणि अंगणापलीकडं पत्र्याचं गोदाम. माल भरला की त्यात किडीच्या गोळ्या ठेवायच्या, दाराच्या फटी चिकटपट्टीनं बुजवायच्या, बाहेरून कडी लावायची आणि गॅस निवेपर्यंत कुणी तिकडं फिरकायचं नाही, ही त्या धंद्याची रीत. त्या गॅसला लसणासारखा वास येतो, हे शिवप्रियाला कॉलेजातच कळलं होतं. आपल्या मागच्या बेडरूममध्ये तो गोदाम रिकामं असतानाही येतो, हे लग्नानंतर कळलं. "भिंतीत मुरला असंल," विरेश म्हणायचा. वास भिंतीत मुरतो का, यावर तिनं पुष्कळ विचार केला आणि मुरत असेल असं ठरवलं. संसारात पुष्कळ गोष्टी अशाच ठरवाव्या लागतात.

बैठकीत सासऱ्यांचा, हणमंतप्पांचा, चंदनाचा हार घातलेला फोटो होता. शेवटचं वर्ष त्यांची वाचा गेली होती म्हणे. मोठ्या आवाजाचा माणूस, पण पाणी हवं तरी बोटानं दाखवायचा. मंजुषाचा फोटो घरात कुठंच नव्हता.

एका दुपारी नीलूला भरवता भरवता शिवप्रिया मोबाईलवर बोट सरकवत होती. एकदम जाड, काळी गिटार घुमली आणि तिच्यावर ड्रम कोसळला. 'डांबर, आपल्या उमरग्याचा बँड' असं खाली लिहिलं होतं. तिनं घाईनं आवाज कमी करायला बोट नेलं आणि ते तसंच अधांतरी राहिलं.

नीलूनं मान वळवली होती.

पण मोबाईलकडं नाही. मागं, अंगणाच्या दाराकडं. आणि ती हसत होती. ओळखीचं माणूस आल्यावर हसतात तशी.

शिवप्रियानं तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावला. वाजवणारी पोरं होती, गाणारं कुणीच नव्हतं. तरी स्टेजच्या मधोमध एक माईक उभा होता. स्टँड खाली ओढलेला, बुटक्या माणसासाठी असावा तसा. पोरं त्याला वळसा घालून ये-जा करत होती.

रात्री जेवताना ती म्हणाली, "अहो, रविवारी मंगल कार्यालयात कॉलेजचा कार्यक्रम आहे. तो डांबर बँड वाजवणार आहे. नीलूला नेऊन बघू का? मोठ्या आवाजाला ती..."

विरेशनं घास ताटात टाकला.

"त्या टोळक्याचं नाव ह्या घरात न्हाय घ्यायचं."

"का पण?"

"न्हाय म्हणलं ना." तो उठला, हात धुतला आणि पाठमोराच बोलला, "आन् रविवारी गोदामात गोळ्या ठेवायलोय. लेकराला अंगणात सोडू नको."

प्रेमाबाई भाकरी मोडत बसल्या होत्या. भाकरीचा चुरा झाला तरी मोडतच होत्या.

३

रविवारी दुपारी लसीचं निमित्त सांगून ती निघाली. रविवारी कुठला दवाखाना लस देतो, हे तिला रिक्षात बसल्यावर सुचलं. दारात प्रेमाबाई आल्या होत्या, पण त्यांनीही ते विचारलं नाही. कापसाचे दोन बोळे तेवढे तिच्या हातात ठेवले.

"लेकराच्या कानात घाल," त्या म्हणाल्या. "आन् तुझ्याबी."

मंगल कार्यालयात आदल्या दिवशीचं लग्न अजून पुरतं निघालं नव्हतं. स्टेजच्या मागच्या पडद्यावर थर्माकोलचं 'शुभविवाह' होतं, त्यातलं 'शु' गळून पडलेलं. खाली काळ्या टीशर्टातली कॉलेजची पोरं आणि जेवणाच्या हॉलजवळ, बहुतेक चुकून आलेली, थोडी वयस्कर मंडळी. शिवप्रिया त्यांच्यातच उभी राहिली. नीलू कडेवर.

"गाणं कवा म्हणतेत हे?" शेजारच्या टोपीवाल्या काकांनी विचारलं.

"म्हणत न्हाईत काका. नुसतं वाजवतेत," एक पोरगा म्हणाला.

"मग मधी त्यो माईक कशाला?"

"शोभेला आसंल."

"शोभेला नवरी-नवरा बरा व्हता की," काका म्हणाले आणि लोक हसले. शिवप्रियाही हसली. ते तिचं त्या दिवसाचं शेवटचं हसणं.

मग गिटार वाजली. कानांना ती फार कळलीच नाही, आधी पोटात कळली. सोमेश नावाचा दाढीवाला पोरगा मान खाली घालून एकच जड सूर पुन्हा पुन्हा ओढत होता, भरलेलं पोतं फरशीवरून ओढावं तसा. मागं ड्रमवर साद नावाचा दुसरा पोरगा होता, दंडाच्या शिरा तटतटलेला. तिच्या हातातल्या बाटलीतलं पाणी थरथरत होतं. तिच्या बरगड्याही. संगीत आवडलं की नाही हे तिला ठरवता येईना. रागावलेल्या माणसाच्या जवळ उभं राहिल्यासारखं मात्र वाटत होतं. तो आपल्यावर रागावला आहे की नाही, तेवढंच अजून ठरायचं होतं.

नीलूनं कानातले बोळे उपटून टाकले आणि दोन्ही हात स्टेजकडं पसरले. कुणी घ्यायला आलं की पसरते तसे.

'ऐकतेय,' शिवप्रियाच्या डोळ्यांत पाणी आलं. 'माझी पोर ऐकतेय!'

त्याच क्षणी सगळं थांबलं. साधं थांबलं नाही, सुरी फिरवल्यासारखं तुटलं. पोरं वाद्यांवर हात ठेवून स्तब्ध उभी, नजरा मधल्या माईकवर. कुणीतरी गायला सुरुवात करावी म्हणून ठेवलेली जागा जशी असते, तशी ती शांतता होती. मघाशी आरडाओरडा करणारी कॉलेजची पोरंही गप झाली.

आणि स्पीकरमधून श्वास आला. गाण्याआधी घेतात तसा. लांब, खोल, छाती भरून.

सोमेशचा असेल. माईक उघडा आहे, कुणाचाही असेल. शिवप्रियाचा तर्क धावत होता. मग ठोके सुरू झाले. धड. धड. धड. सादचे असणार, म्हणून तिनं सादकडं पाहिलं. त्याच्या दोन्ही काठ्या हवेत होत्या. हात निश्चल. डोळे मिटलेले. ठोके चालूच होते. ड्रमचे नव्हतेच ते. पत्र्याचे होते. कुणीतरी मुठींनी पत्र्याचं दार बडवत होतं.

काकांनी तिच्याकडं वळून नाक मुरडलं. "लसूण कोन सोलायलंय इथं?"

तिनं नीलूकडं पाहिलं. नीलूचे ओठ हलत होते. सराईत, शब्दाशब्दाला आकार देत. आवाज नव्हता. फक्त तोंड होतं, आणि त्या तोंडाला लसणाचा वास येत होता.

४

कार्यक्रम संपल्यावर ती मागच्या बाजूला गेली. घरी जायला हवं होतं, हे तिला कळत होतं. पाय स्टेजमागं गेले, एवढंच.

सोमेश वायरी गुंडाळत होता. तिला पाहून त्याचे हात थांबले.

"वहिनी, तुम्ही विरेशअण्णाच्या घरच्या ना?" मग नजर नीलूवर गेली. "ही... तिची भाची?"

"कुणाची?"

सोमेशनं सादकडं पाहिलं. साद घाम पुसत होता.

"सांग की आता," साद म्हणाला. "सात पडद्यात ठेवून काय करायलास?"

"मंजुषा आमच्यात गायची वहिनी," सोमेश म्हणाला. "तुमच्या गोदामातच प्रॅक्टिस करायचो आमी, रिकामं असलं की. पत्र्याला आवाज लई घुमायचा. पुण्याला स्पर्धा होती. ती घरात म्हणाली, मी जाणार. झालं. ढोलकी बडवणाऱ्या पोरांसंगं पोरगी जायली म्हणून अप्पांनी, तिच्या वडलांनी, लई धिंगाणा केला."

"मग?"

"मग कोंडली." हे साद बोलला. "गोदामात. एका अंगाला माल होता, ताडपत्रीखाली. गोळ्या ठेवलेल्या त्यात. रागाच्या भरात ध्यानात राहिलं न्हाय म्हणतेत." त्यानं घामाचा रुमाल पिळला. "ध्यानात होतं का न्हाय, ते कडी लावणाऱ्याला माहीत. दार बडवलेलं हायवेपर्यंत ऐकू यायलतं, भाभी. आमी गेटावर आलतो. आमाला काठी घेऊन हाकललं."

शिवप्रियानं विचारलं, "पोलीस?"

"हृदय बंद पडलं म्हणले. पडतंच की शेवटी. सगळ्यांचंच." सादनं काठ्या पिशवीत टाकल्या. "तवापासून गाणारं माणूस न्हाय घेतलं. तिची जागा सोडतो मधी. तेवढीच."

"आज ते ठोके... तुम्ही वाजवले ना?"

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. सोमेश माईकचा स्टँड उचलायला वाकला. नीलूनं हात पुढं करून तो माईक धरला आणि काही केल्या सोडेना. शेवटी तिची बोटं एकेक करून उकलावी लागली. दीड वर्षाच्या पोरीच्या बोटांत एवढा जोर नसतो, हे शिवप्रियाला माहीत होतं. तिनं त्यावर विचार करायचं टाळलं.

५

दिवेलागण झाली होती. विरेश अंगणात खुर्ची टाकून बसलेला. मोबाईल हातात.

"लस झाली?" त्यानं विचारलं आणि मोबाईल तिच्याकडं फिरवला. कुणीतरी कार्यक्रमाचा व्हिडिओ टाकला होता. मागच्या बाजूला ती, कडेवर नीलू.

रिक्षात तिनं चांगली वाक्यं जुळवली होती. शांत, सुशिक्षित वाक्यं. तोंडातून भलतंच निघालं.

"मंजुषाला कडी कुणी लावली?"

विरेश उभा राहिला. खुर्ची मागं पडली. "कोन बोललं तुला?"

"कुणी लावली?"

"हुकूम ह्यांचा," उंबऱ्यातून आवाज आला. प्रेमाबाई चौकट धरून उभ्या होत्या. "हात विरेशचा. आन् कान माझे. म्या सैपाकघरात बसून ऐकलं सगळं. ती थांबेस्तोर ऐकलं."

"अव्वा, तू आत जा!"

"ह्यांची वाचा गेली," प्रेमाबाई जणू स्वतःशीच बोलल्या. "म्या तवाच वळखलं, ती एकेकाचं घ्यायली."

"गप बस म्हणतो ना!"

"अण्णा."

तिघंही थांबले. आवाज शिवप्रियाच्या कडेवरून आला होता.

ज्या शब्दासाठी तिनं नवस बोलले होते, दवाखाने पालथे घातले होते, तो पहिला शब्द तिच्या लेकीनं उच्चारला होता. आणि शिवप्रियाला पोर खाली ठेवून पळून जावंसं वाटत होतं. बोबडा नव्हता शब्द. स्वच्छ होता, कमावलेल्या गळ्याचा. या घरात विरेशला अण्णा म्हणणारं एकच माणूस होतं.

"अण्णा," नीलू गोड हसून म्हणाली, "कडी काढ."

आणि अंगणापलीकडं गोदामाच्या दारावर आतून ठोका पडला.

विरेश गोदामाकडं वळला. "वारं हाय," तो म्हणाला. अंगणातल्या दोरीवरचं लुगडं सरळ लटकत होतं. पुन्हा ठोका. पुन्हा. आता सारखे. "सकाळीच बंद केलंय म्या. आत पोती हायती नुसती. पोती!" तो ओरडला. "बघायचंय तुमाला? बघा!"

त्यानं खिशातला रुमाल नाकाला लावला, ताडताड गेला, चिकटपट्टी टराटरा ओढली आणि कडी काढली. ठोके थांबले. आत अंधार आणि ताडपत्री. "बघा! कोन हाय? कोन हाय आत?" म्हणत त्यानं पाऊल टाकलं. मग आणखी एक. ताडपत्रीच्या कडेला काहीतरी हललं असावं, कारण तो वाकला. शिवप्रियाला अंगणाच्या मधूनही दिसलं ते एवढंच, की ताडपत्रीखालून काहीतरी पांढरं, हाताएवढं, त्याच्या पायाशी आलं.

दार लागलं. कडी पडली. बाहेरून. तिथं कुणी नव्हतं.

"प्रिया!" आतून आवाज आला. "प्रिया, कडी काढ!"

ती धावली. हे तिला नक्की आठवतं, की ती धावली. कडीवर हात टाकला. नीलू कडेवर होती, तिनंही आपला तळवा आईच्या हातावर ठेवला. थंडगार, आणि पोराच्या हाताला असू नये एवढा जड. कडी जाम झाली होती.

असं तिनं नंतर सगळ्यांना सांगितलं. कडी जाम झाली होती.

विरेश दार बडवत होता, खोकत होता, पुन्हा बडवत होता. पत्र्यातून धक्के तिच्या बरगड्यांत येत होते, दुपारी आले होते तसेच. तिनं मागं वळून पाहिलं. प्रेमाबाई उंबऱ्यात होत्या, तशाच, चौकट धरून. आणि नीलू दाराकडं पाठ करून आईच्या खांद्यावर मान टाकून पडली होती. मागं एवढं धडधडत होतं.

तिनं मान वळवली नाही.

६

आता नीलू बोलते. सगळं बोलते. गल्लीतल्या बायका म्हणतात, बाप गेला आन् लेकराची वाचा आली, देवाचं गणित न्यारंच. प्रेमाबाईंना मात्र त्या संध्याकाळपासून ऐकू येत नाही. डॉक्टर म्हणाले, धक्का. शिवप्रिया त्यांना हातानं खुणा करते आणि त्या तिच्याकडं कधी कधी असं बघतात, की शिवप्रिया नजर खाली घालते.

कडी जाम होती का? ती रोज स्वतःला विचारते. सुताराला दाखवली तेव्हा एका बोटानं निघाली. पण लोखंड आहे, हवेनं फुगतं. संध्याकाळच्या हवेनं लोखंड फुगतं का? केमिस्ट्रीत असं काही नव्हतं. तरी तिनं ठरवलं आहे, की फुगत असेल.

आज दुपारीही घर आडवं झालं. पुढच्या खोलीत प्रेमाबाई निजल्या. शिवप्रिया मागच्या बेडरूममध्ये नीलूच्या फ्रॉकच्या घड्या घालत होती. नीलू दाराबाहेर, अंगणाच्या बाजूला खेळत होती, गुणगुणत. तो सूर शिवप्रियाच्या ओळखीचा होता. जड, ओढत नेलेला. तो मधेच तुटला.

दार लोटलं गेलं. बाहेरून कडी लागली.

ती कडी शिवप्रियाच्याच डोक्याच्या वर आहे. नीलूचा हात दाराच्या मुठीलासुद्धा पुरत नाही.

"नीलू?" ती म्हणाली. आवाज खेळकर ठेवायचा तिनं प्रयत्न केला. "कडी काढ बाळा."

खोलीत लसूण सोलल्यासारखा वास होता. गोदाम तर रिकामं होतं, तिनं स्वतः माल विकून मोकळं केलं होतं. तिनं दारावर थाप मारली. मग मूठ. "अव्वा! अव्वा, दार!" पुढच्या खोलीत प्रेमाबाई कुशीवर वळल्या तसा पलंग करकरला, आणि पुन्हा शांत झाला.

शिवप्रियानं दाराला कान लावला.

पलीकडं, अगदी तिच्या कानाशी, कुणीतरी गाण्याआधी घेतात तसा श्वास घेतला. लांब, खोल, छाती भरून.